कोणी उरलं नाही

माझ्या मामाच्या पायाला भिंगरी होती. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय टेबलाखाली हलत असायचा आणि मामी म्हणायची, निदान जेवताना तरी नीट बसा. त्याची नोकरीच तशी होती. प्रांताच्या सभागृहात तो हाका मारणारा शिपाई होता. मतदान पुकारलं की उपाहारगृह, वाचनालय, व्हरांडे, अगदी मुताऱ्यांपर्यंत धावायचं, सापडेल त्या सदस्याला आत पिटाळायचं आणि मग सभापतींपुढे उभं राहून म्हणायचं, "कोणी उरलं नाही." त्याने हे म्हटल्याशिवाय मतं घ्यायची नाहीत, असा नियमच होता. नियम कोणी केला हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि तो बदलायला कुणाला सवड नव्हती.

मामाला याचा केवढा तोरा! एकदा म्हणे त्याने एका मंत्र्याला दाढीच्या साबणासकट आत आणून बसवलं होतं. हे तो इतक्यांदा सांगायचा की मला त्या मंत्र्याची दया यायची.

मग दरवर्षी पूर येऊन रस्ते बंद पडायला लागले आणि सभागृहाने घरबसल्या फोनवरून मत द्यायची सोय केली. शहाणपणाचंच काम होतं, मी आजही म्हणते. नाहीतर पूर ओसरल्यावर पुरावर भाषणं ठोकण्यात यांचा हात कोण धरणार? फक्त मामाचा नियम तसाच राहिला. मुख्य चिटणीसांनी त्याला समजावलं की आता धावायचं कारण नाही, सभापतींनी विचारलं की वाक्य तेवढं म्हणायचं. मामा सभागृहात खुर्चीला खिळला, पण घरी या खोलीतून त्या खोलीत त्याच्या येरझाऱ्या थांबेनात. कोण उरलंय हे मला बसल्या जागी कसं कळणार, असं तो मामीला विचारायचा. मामी म्हणायची, पगार मिळतोय ना, मग गप बसा.

त्या वर्षी नदी फारच चढली. शहराअलीकडचा बांध फोडून पाणी सखल गावांकडे वळवायचं का, यावर मतदान होतं. वळवलं तर शहर वाचणार होतं आणि गावं बुडणार होती. त्या गावांची सदस्य एक डॉक्टरीणबाई होती. सभागृहातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यांचे चेहरे दिसत होते, तिचा चौकोन काळा होता. मामाने तो पाहिला, चिटणीसांना विचारलंही. ते म्हणाले, गैरहजर असतील, आटपा, पाणी वाढतंय. आमचं घर शहरात, नदीकाठालाच होतं, ते मी कशाला लपवू? मी आणि मामी तेव्हा गाद्या माळ्यावर चढवत होतो. मामा उभा राहिला आणि त्याने वाक्य म्हटलं. ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. बाई विरोधात गेली असती तर बरोबरी होऊन तो पडला असता.

आमच्या गाद्या कोरड्या राहिल्या. गावातली माणसं वेळेत हलवली, घरं मात्र गेली. मामाचं जेवण तुटलं. दारात पाऊल वाजलं की तो उठून बघायचा.

पाणी उतरल्यावर बाई सभागृहात आली. मी मामाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून समोरच होते. मतदानाआधीच गावातले मोबाइलचे मनोरे पडल्यामुळे तिचा फोन बंद होता. ती दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर रुग्ण चढवत होती. ती सरळ मामापाशी आली.

"मामा, या वेळी तुम्ही हाक मारली नाहीत."

"चुकलं, बाई. तुम्ही उरला होतात, ते मला दिसत होतं."

"मी विरोधातच गेले असते, असं सगळे धरून चाललेत," ती म्हणाली. "मला अजून माहीत नाही. शहरात माझी लेक राहते. ठरवायची वेळ माझी होती आणि ती माझ्यावर आलीच नाही."

माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना. मामाने डबा माझ्याकडे परत दिला.

पुढचं मतदान कसल्याशा करावर होतं. पडद्यावर तीन चौकोन काळे होते. सभापतींनी नेहमीसारखं मामाकडे पाहिलं. मामा उभा राहिला.

"मला माहीत नाही, साहेब."

चिटणीसांनी त्याची बाही ओढली. तो काही खाली बसेना. सभापतींनी नियमांचं पुस्तक मागवलं, पानं उलटली आणि मतदान थांबवून त्या तिघांना फोन लावायला सांगितला.

घरी येऊन त्याने मामीला सांगितलं की नोकरी बहुतेक जाईल. मग पुरानंतर पहिल्यांदाच तो पोटभर जेवला.