कलादालनाचे आगामी कार्यक्रम

विद्यापीठाच्या गेटसमोरच्या टपरीवर आम्ही चार-पाच मास्तर लोक चहाला बसलो, की कुणीतरी हमखास विचारतं, "सर, कलादालनाचं काही नवीन?" आणि नवीन असतंच! कलादालनात आजवर चित्रं लागली मोजकी आणि किस्से घडले ढीगभर. सगळे पोट धरून हसतात. मीही हसतो. घरी जाताना मात्र डोकं ठणकत असतं, ते वेगळं.

मी तिथं चित्रकला शिकवतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास शिकवीन तेवढाच वेळ मी प्राध्यापक. उरलेल्या वेळात मी कोण, हे विद्यापीठाला ठरवता आलं नाही म्हणून त्यांनी मला कलादालन सांभाळायला दिलं. माझ्या वर सांस्कृतिक विभागाचे संचालक. त्यांना सगळे नुसतं 'साहेब' म्हणतात. माझ्या हाताखाली ग्यानोबा शिपाई, ज्याच्या करगोट्याला कलादालनाची किल्ली असते.

हिंगोलीबाहेरच्या माळावर आमचं विद्यापीठ आहे. गेटातून आत शिरलं की पहिल्यांदा दिसतो तो भला मोठा बोर्ड, 'आगामी कार्यक्रम'. चित्रप्रदर्शन, लोककला महोत्सव, काव्यवाचन, शिल्पकला शिबिर. सगळं आगामी! झालेल्या कार्यक्रमांचा बोर्ड आमच्याकडं नाही. त्याची कधी गरज पडली नाही.

*

कलादालन नवंकोरं होतं तेव्हाची गोष्ट. मी हातोडी आणि खिळ्यांची पुडी घेऊन आत गेलो. पहिला ठोका पडला न पडला तोच साहेब धावत आले.

"सर, काय करून राहिले तुम्ही?"

"चित्रं लावतोय."

"भिंतीला खिळा? अहो, कुलगुरूंनी स्वतः पसंत केलेला रंग आहे हा!"

"मग चित्रं कुठं लावायची?"

"खाली टेकवून ठेवा की भिंतीला."

"आणि लोकांनी काय वाकून बघायचं?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. म्हणाले, "वाकले तर काय बिघडलं? कलेपुढं वाकायलाच पाहिजे!"

शेवटी पडद्यांच्या दांड्यांना सुतळ्या बांधून चित्रं लोंबकळत ठेवायची पद्धत पडली. दार उघडलं की वाऱ्यानं सगळी चित्रं एकदम हलतात. साहेब आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात, "आमच्या कलादालनातली चित्रं जिवंत आहेत!"

*

सुषमा माझी विद्यार्थिनी, पदवीच्या शेवटच्या वर्षाला, जवळच्याच कुरुंदा गावची. तिची आई कांताबाई दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाते. हळदीच्या दिवसांत हळद शिजवायला, वाळवायला. सुषमानं तीन वर्षं एकच माणूस रंगवलं, आपली आई. कढईपाशी उभी, वाफेत, उन्हात हळद पसरताना, पाटी उचलताना, दमून टेकलेली. मी आजवर शिकवलेल्या पोरांमध्ये एवढा हात कुणाचा बघितला नाही, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे.

पण कांताबाईनं यातलं एकही चित्र बघितलं नव्हतं. घर एका खोलीचं, तिथं पाच फुटी कॅनव्हास नेणार कुठं? घरी चुलत्याची भुणभुण चालू होती. "पोरगी तीन सालं रंग फासून राहिली. अजून दोन साल शिकते म्हणती. काहून शिकवायचं?" त्यानं एक स्थळही आणलं होतं. कांताबाई म्हणाली, "पोरगी काय करून राहिली ते मी आदी माझ्या डोळ्यानं बघते. मंग सांगते, शिकायचं का लगीन लावायचं ते." तिच्या शब्दापुढं चुलतासुद्धा गप्प बसला. म्हणजे सगळं त्या बघण्यावर येऊन थांबलेलं.

मी सुषमाला म्हटलं, "आपल्या विभागातच घेऊन ये की आईला. सगळी चित्रं इथंच तर आहेत."

"नको सर. कोपऱ्यात एकावर एक रचलेली आहेत. तिला भिंतीवर बघू द्या."

मला ते पटलं. मी साहेबांकडून तारीख घेतली, बोर्डावर नाव चढलं, 'आगामी: सुषमाचे एकल चित्रप्रदर्शन'. कांताबाई त्या दिवसाचा रोज बुडवून, ठेवणीतलं लुगडं नेसून एसटीनं आली. ग्यानोबानं दार उघडलं आणि आम्ही बघतच राहिलो. आत जमिनीपासून खिडकीपर्यंत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे! परीक्षा विभागाला जागा कमी पडली होती. सगळ्या विद्यापीठात रिकामी दिसणारी खोली एकच, आमची.

 मीच काहीतरी सारवासारव करायला लागलो. कांताबाईनं गठ्ठ्यांवरून एक नजर फिरवली आणि ग्यानोबाला विचारलं, "रद्दीचं दुकान लई चालतं का हो इथं?"

*

पुढं लोककला महोत्सव आला. साहेबांनी सेनगावकडून एक म्हातारे गोंधळी आणि त्यांचे दोन साथीदार बोलावले. म्हातारबुवा सकाळीच येऊन सावलीत बसले. संबळ काढलं, कातडं ताणून बघितलं, तुणतुणं लावून घेतलं.

मग स्वागत झालं. मग सत्कार झाले. स्टेजवर इतकी माणसं होती की समोरच्या खुर्च्यांवर कोण बसणार हा प्रश्न होता. मग 'लोककलेचे जतन : काळाची गरज' यावर एकामागून एक भाषणं. एका वक्त्यानं तर लोककला कशी मरून राहिली हे सांगताना रुमाल काढून डोळे पुसले. म्हातारबुवा खालून टाळ्या वाजवत होते. बिचाऱ्यांना तेवढंच वाजवायला मिळालं.

शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, "वेळेअभावी आता आपण थेट आभारप्रदर्शनाकडे वळू."

आभारात गोंधळ्यांचंही नाव आलं. त्यांनी विद्यापीठाला बहुमोल सहकार्य केलं होतं म्हणे! मंडप उठायला लागला तसे म्हातारबुवा संबळ बगलेत मारून साहेबांपुढं आले. हात जोडून म्हणाले, "साहेब, भाषणं एकदम झकास झाली. आता आमी काहून आलो व्हतो, तेवढं सांगा."

*

आता पुण्याच्या चित्रकारांचा किस्सा. मोठे चित्रकार, दाढी, गळ्यात कॅमेरा. 'ग्रामीण जीवन आणि रंग' अशी कार्यशाळा. त्यांना हळद शिजताना बघायची होती, म्हणून विद्यापीठाच्या गाडीनं आम्ही कुरुंद्याला गेलो. सुषमा बरोबर होती.

वाफ उसळत होती, बाया पाट्या उचलून उकडलेली हळद पसरायला नेत होत्या. चित्रकार हरखून गेले. "थांबा! अशाच थांबा! हलू नका!" म्हणत ते एका बाईपुढं जाऊन उभे राहिले. ती कांताबाई. डोक्यावर गरम ओल्या हळदीची पाटी. चित्रकारांनी आधी उभा फोटो घेतला, मग आडवा, मग गुडघ्यावर बसून. मग लेन्स बदलायला घेतली.

कांताबाई पाटीखालून म्हणाली, "लवकर काढ बाबा. कॅमेरा तुव्हा हाय, पण डोकं मव्हं हाय."

चित्रकार मनमोकळं हसले. परतीच्या वाटेवर गाडीत ते आम्हाला समजावत होते, "काय चेहरे आहेत तुमच्याकडं! उन्हात ही माणसं किती सुंदर दिसतात!"

सुषमा खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "एकदा सावलीत बसवून बघा ना सर. आणखी सुंदर दिसतील."

 ड्रायव्हरनं गाणी लावली, ती थोड्या वेळानं बंद केली.

*

उत्तरपत्रिका एकदाच्या हलल्या. मी दुसरी तारीख घेतली. चित्रं आम्ही आदल्या दिवशीच सुतळ्यांनी टांगून ठेवली. तिन्ही भिंतींवर कांताबाई! मी आणि सुषमा मधोमध उभं राहून बघत होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती खोली मला कलादालन वाटली. 

सकाळी बघतो तर दाराला लाल फीत. साहेबांना एक मोठे पुढारी उद्घाटक म्हणून मिळाले होते. कांताबाई आली, पायऱ्यांवर बसली. दुपार झाली. उद्घाटक कुठल्याशा लग्नात अडकले होते. मी म्हटलं, "साहेब, मुलीची आई कुरुंद्याहून आली आहे. तिला नुसतं आत जाऊन बघू द्या."

"उद्घाटनाआधी? काहीतरीच काय सर! प्रोटोकॉल असतो."

"आणि उद्घाटक आलेच नाहीत तर?"

"तर प्रदर्शन पुढं ढकलू. उद्घाटकच नसेल तर प्रदर्शन उघडायचं कसं?"

"किल्लीनं, साहेब."

हे माझ्या तोंडून निघून गेलं. पुढच्या सत्रात माझे तास निम्मे झाले, त्याचा याच्याशी काही संबंध नाही असं मला लेखी कळवण्यात आलं.

कांताबाई संध्याकाळच्या गाडीला निघाली. जाताना ग्यानोबा तिला खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, किल्ली हाय माझ्याजवळ, पण ती फीत आडवी येऊन राहिली. माफ करा."

तिनं दाराच्या काचेला हात लावून आत डोकवायचा प्रयत्न केला. साहेबांनी आतून लावलेल्या, उद्घाटकांच्या स्वागताच्या फ्लेक्सशिवाय काही दिसेना. म्हणाली, "राहू द्या भाऊ, तुमाला काहून तकलीफ? औंढ्याचा देव बी कुनाला इतका येळ बाहेर बसवत न्हाई."

मला त्या दिवशी स्वतःच्या नोकरीची, त्या बोर्डाची, त्या फितीची इतकी चीड आली की मी टपरीवर न थांबता सरळ घरी गेलो.

*

तिसरी तारीख. परीक्षा संपल्या होत्या, सुषमा आठवड्याभरात हॉस्टेल सोडणार होती. चुलत्यानं पाहुण्यांना पोरगी बघायला यायचा सांगावा धाडला होता. आता नाही तर कधीच नाही, हे मला, सुषमाला आणि कांताबाईला, तिघांनाही कळत होतं.

उद्घाटक आले! पाठोपाठ चार गाड्या. पण पुढाऱ्यांना जवळा बाजार या गावी दुसरा कार्यक्रम होता. गाडीची काच खाली झाली आणि आतून आवाज आला, "काय कापायचं ते इथंच आणा."

साहेबांनी इकडं-तिकडं बघितलं आणि हुकूम सोडला, "फीत सोडा!" मग ग्यानोबानं एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं दाराची फीत सोडली, पायऱ्या उतरून गाडीपाशी नेली आणि खिडकीपुढं ताणून धरली. पुढाऱ्यांनी बसल्या जागेवरून कात्री चालवली. टाळ्या! गाडी गेलीसुद्धा. त्यांची पाच-सहा माणसं तेवढी मागं राहिली, कारण चहा-नाष्टा होता.

पायऱ्यांवर बसलेली कांताबाई या गडबडीत उघड्या दारातून कधी आत गेली ते कुणाला कळलं नाही. मी गेलो तेव्हा ती समोरच्या भिंतीवरच्या सगळ्यात मोठ्या चित्रापुढं उभी होती. वाफेतून समोर बघणारी बाई, कमरेवर पाटी.  सुषमा दोन पावलं मागं, ओढणीचं टोक मुठीत धरून उभी. आई काय म्हणते याचीच ती वाट बघत होती. तिच्या सगळ्या शिक्षणाचा फैसला त्या पाठमोऱ्या बाईच्या तोंडून यायचा होता. मीही दारातच थांबलो.

तेवढ्यात साहेब पुढाऱ्यांच्या माणसांना घेऊन शिरले. मागं फोटोग्राफर. "इथं, या मोठ्या चित्रापुढं घेऊ!" म्हणत त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून बघितलं आणि मान हलवली. मध्ये कुणीतरी येत होतं.

साहेबांनी मागं वळून बघितलं.

"ओ मावशी! जरा बाजूला सरका ना. तुमच्यामुळं चित्रातली बाई झाकून राहिली."

कांताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. डावीकडच्या भिंतीकडं बघितलं. मग उजवीकडच्या भिंतीकडं बघितलं.

"कुठं सरकू साहेब? तिकडं बी मीच हाय."