उलट्या पिळाची तार

धातूची कुठलीही वस्तू हातात आली की मिस्त्री आधी तिच्या नटावर अंगठा फिरवत. आमच्या पोस्टातला तराजूही त्यातून सुटला नव्हता. "डोळ्याले फसवता येते बाबूजी, अंगठ्याले नाही," असं म्हणत. असा माणूस तुमच्याही आळीत असेल. लोक त्याला अर्धवट म्हणतात आणि सायकल बिघडली की त्याच्याचकडे जातात.

मी गोंदियाच्या पोस्टात कारकून होतो; ते दोन घरं पलीकडे राहत. लढाईच्या दिवसांत बिरसीच्या धावपट्टीवर ते विमानांचे मिस्त्री होते. लढाई संपली, स्वराज्य आलं, आणि विमानांचं मोडकं सामान कबाड्यांकडे गेलं. ते वितळवून थाळ्या नि पातेली होऊ लागली. मिस्त्री दर रविवारी त्या ढिगात बसून भट्टीत जायच्या आधी तुकडे निवडत. घरात उंची दाखवणारं घड्याळ, काच तडकलेलं होकायंत्र, हवाई छत्रीच्या पट्ट्याची कडी, सगळं ओळीनं मांडलेलं. बायको बिचारी त्या ओळीला वळसा घालून केर काढायची.

एकदा मी सहज एक पत्रा उचलून दिला. त्यांनी नखानं रंग खरवडला. वरचा हिरवा नंतरचा, खालचा पिवळा; म्हणजे हे शिकाऊ विमान, असं सांगितलं. रिव्हेटांची, म्हणजे पत्रा जोडणाऱ्या खिळ्यांची ओळ चाचपून तो शेपटाचा आहे हेही सांगितलं. मग ठेवून दिला. त्यांना हवं होतं ते त्यात नव्हतं.

काय हवं होतं ते कळायला मला दोन वर्षं लागली. बिरसीला पंजाबातला एक तरुण वैमानिक होता. तो यांना चाचा म्हणे, आईची पत्रं मोठ्यानं वाचून दाखवी. एका सकाळी त्याचं विमान उडालं आणि सडक अर्जुनीच्या पुढे जंगलात पडलं. आदल्या दिवशी त्याच्या पेट्रोलच्या नळीचा नट यांनी आवळला होता. नट ढिला पडू नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात. ती बांधत असतानाच सुट्टीचा भोंगा झाला. तार बांधली की राहिली, हे त्यांना काही केल्या आठवेना. चौकशी साहेबांनी केली. मिस्त्र्याला कोणी काही सांगितलं नाही. पडलेलं विमानही कबाडात गेलं असेल असं धरून तेव्हापासून ते तो नट शोधत होते.

एक दिवस सडक अर्जुनीकडच्या आमच्या टपालवाल्यानं बोलता बोलता सांगितलं की तिकडे एका गोंड वस्तीजवळच्या नाल्यात मोठं यंत्र पडून आहे. मी मिस्त्र्यांना घेऊन गेलो. वस्तीतल्या म्हाताऱ्यानं वाट दाखवली. एवढी वर्षं कोणी त्यातला खिळाही काढला नव्हता. म्हातारा म्हणाला, "तिथं पोरगं मेलं जी. हात कसा लावाचा?"

इंजिन अर्धं वाळूत होतं. मिस्त्र्यांनी दोन्ही हातांनी वाळू उपसली, नळी शोधली, नटावर अंगठा ठेवला आणि तो तिथंच थांबला. नटाला तार होती. मिस्त्री डावखुरे, त्यांच्या तारेचा पीळ इतरांपेक्षा उलटा पडायचा. हा उलटा होता.

मला हायसं वाटलं. मी म्हणालो, सुटलात मिस्त्री.

ते वाळूत खाली बसले. "हा पीळ माहाच आहे," म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "मंग पोरगं मेलं कायले, बाबूजी?"

इतकी वर्षं त्यांच्यापाशी निदान 'माझ्यामुळं' हे उत्तर तरी होतं.

त्यानंतर ते कबाड्याकडे गेले नाहीत. मला एक पत्र मात्र लिहायला लावलं, त्या पोराच्या आईला. तुझ्या पोराच्या विमानाची तार मी नीट बांधली होती, आणि तो तुझी पत्रं वाचताना हसायचा, एवढाच मजकूर. आईचं नि गावाचं नाव त्यांना पाठ होतं. गाव लाहोरपलीकडचं होतं. तिथली माणसं फाळणीत कुठं गेली असतील हे मला ठाऊक होतं, त्यांनाही असावं. तरी रोज दुपारी खिडकीशी येऊन ते विचारत, "आलं काय?"

चार महिन्यांनी आलं. आमचंच पाकीट, 'घर सोडून गेले' असा शेरा मारलेलं. पाठवणाऱ्याला ते परत करणं माझं काम होतं. सगळ्या नोकरीत तेवढं एकच टपाल मी दाबून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री खाटेला लागले. शेवटच्या आठवड्यात बोलणंही कष्टाचं झालं होतं. मी उशाशी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "वाचलं असन का जी तिनं?"

मी म्हणालो, "वाचलं, मिस्त्री."

त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे कूस वळवली. त्यांची बायको दारात उभी होती. पत्र परत आल्याचं मी तिला सांगितलेलं होतं. तिनं माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि आत गेली.