सून पुढे, मी मागे

सत्तरावं लागलं असताना मी शर्यतीत उतरलो. हौस म्हणून नाही. मुलगा हसला म्हणून.

झालं असं की माझी सून अलिबागच्या एका जिममध्ये झाडलोटीला लागली होती. बघून बघून शिकली आणि सकाळी येणाऱ्या बायकांना व्यायाम दाखवू लागली. मालक म्हणाला, मुंबईत एक शर्यत आहे, ती पुरी करून ये, बायकांची बॅच तुझ्या हवाली करतो.

शर्यत मोठ्या बंद हॉलमधली. एक किलोमीटर धावायचं, मग एक मेहनतीचं काम, असं आठ वेळा. कामं म्हणजे वजन लादलेली लोखंडी गाडी ढकलायची, दुसरी दोराने ओढायची, वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन पावलोपावली गुडघा जमिनीला लावायचा, जड चेंडू भिंतीवर उंच मारायचा, अशी. जोडीने उतरलं तर कामं वाटून घेता येतात. धावायचं मात्र दोघांनी बरोबर. एकटीने जायला सून बुजली, म्हणून नवरा-बायकोने जोडीत नाव दिलं. आणि मुलगा ट्रकवरून उतरताना घसरला, पाय मोडून घेतला.

सून मोरीत बसून एकच टोप कितीतरी वेळ घासत राहिली.

मी म्हणालो, "मी हाय ना."

मुलगा पाय उशीवर ठेवून हसला. "बाबा, ते मिठागर न्हाय."

"तू बसल्या जागी हस. आधी माझं नाव घाल."

डॉक्टरने छाती तपासली, कागदावर सही दिली. बायको म्हणाली, "लग्नात बूट घातला न्हाय, आता घालतायत." खरंच, बूट घातले की पाय दुसऱ्याचे वाटायचे.

जिममध्ये पहिल्या दिवशी मी वाळूची पिशवी उचलली आणि सरळ डोक्यावर ठेवली. उभा जन्म मिठाच्या टोपल्या वाहिल्या, ओझं बघितलं की मान आपली ताठ होते. सून हळूच म्हणाली, "बाबा, खांद्यावर." गाडी ढकलायला मला जड गेलं नाही. चेंडूने मात्र नाक सुजवलं.

धावायला आम्ही ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर जायचो. ओली वाळू घट्ट असते. मी पुढे, सून अर्धं पाऊल मागे. रोज माझ्या मागेच. मला वाटायचं, म्हातारा असून हिला मागे टाकतो. चहाच्या टपरीवर सांगितलंही तसं.

एकदा बायको बरोबर आली, ओंडक्यावर बसून राहिली. आम्ही परत आल्यावर मला म्हणाली, "तुमचा भाता टपरीपर्यंत ऐकू जातोय. तिचा आवाज कुठं हाय?"

मी मागे वळून वाळू बघितली. माझी पावलं खोल रुतलेली, लांब लांब. बाजूला तिची, एकाला एक लागून. बाई विहिरीवरून भरला हंडा घेऊन येते तशी. ती धावतच नव्हती.

"मागं का राहतेस?"

"तुमच्या पुढं कशी जाऊ बाबा?"

आमच्यात सून सासऱ्याच्या पुढे चालत नाही. लग्नाच्या वरातीत नाही, बाजारात नाही. तिला कोणी सांगितलं नव्हतं, मलाही कोणी विचारलं नव्हतं. पण अशाने तिची शर्यत माझ्या पाठीमागेच संपणार होती.

"उद्यापासून तू पुढं."

गेली पुढे. चार पावलं गेली की पाय आपोआप ढिले पडायचे. रागावून उपयोग नव्हता. रागावलो की आणखी मागे जायची. शेवटी मी घरून दोर आणला, एक टोक माझ्या कमरेला बांधलं, दुसरं तिच्या हातात दिलं.

"ओढ."

"बाबा, लोक बघतात."

"मला बघतात. तू समोर बघ."

पर्यटक मोबाइल काढून उभे राहिले. घोडागाडीवाला ओरडला, "काका, बैल बाजाराला चालला काय?"

"तुझ्या घोड्याला गिऱ्हाईक मिळालं की सांग, मग बरोबरच जाऊ," मी म्हणालो. पण कानशिलं तापली होती. ज्या गावात कोणापुढे मान खाली घातली नाही, त्या गावच्या किनाऱ्यावर मला दोराने नेत होते. दोर सैल पडला की मीच म्हणायचो, "ताण." काही दिवसांनी म्हणावं लागेना. मग दोर घरीच ठेवला.

शर्यतीच्या दिवशी हॉलमध्ये इतकी गाणी वाजत होती की स्वतःचा श्वास ऐकू येईना. पाच फेऱ्या निभावल्या. सहाव्या फेरीत बरगडीत कळ आली. सून मंदावली, बाजूला आली, मग सवयीने मागे गेली.

"पुढं हो."

"बसायचं काय थोडं?"

"बॅच मला पायजे का तुला?"

ती पुढे गेली. नियमाने फार लांब जाता येत नव्हतं, दोन हात पुढे राहिली. मी तिच्या टाचांकडे बघत पाय उचलत राहिलो. शेवटी चेंडू आला. माझे दंड वर जाईनात. सून म्हणाली, "तुम्ही उभे राहा, मी मारते." विचारलं नाही, सांगितलं. सगळे चेंडू तिने मारले. मी बाजूला कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. असं नुसतं उभं राहणं मला कधी जमलं नव्हतं.

आमच्या मागे फारसं कोणी उरलं नव्हतं. पण पुरी झाली.

परतीच्या बोटीवर मालकाचा फोन आला. ती "हो सर, हो सर" म्हणाली. मग तिने एकेक बाईला फोन लावायला सुरुवात केली. "सोमवारी सहाला. सहा म्हणजे सहा. नाय, साडीवर नाय चालणार. सासूला मी बोलते, द्या फोन."

असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. डोळे मिटून घेतले, म्हणजे मी झोपलोय समजून ती बोलत राहील.