साडूंचं बिनकिल्लीचं कुलूप

सराफ्यापासून राऊपर्यंत अख्खं इंदूर पालथं घातलं, तरी कुलपांवर इतकं प्रेम करणारा आणि एकाही कुलपावर विश्वास न ठेवणारा माणूस माझ्या मोठ्या साडूंखेरीज दुसरा मिळायचा नाही. लावलेलं कुलूप एकदा ओढून सगळेच बघतात. साडू ओढून बघतात, गेटपर्यंत जातात, परत येऊन पुन्हा ओढतात, आणि रिक्षा चौकात पोचली की ड्रायव्हरला म्हणतात, "भिया, जरा वापस घे." एका लग्नात त्यांनी आपली सुटकेस खोलीतल्या पलंगाला साखळीने बांधली आणि वर दाबून बसणारं कुलूप ठोकलं. किल्ली सुटकेसच्या आत राहिली. नवरदेवाचे सख्खे मामा, पण वरातीत पायजम्यावर नाचले. वर मलाच म्हणाले, "पण सुटकेस कोणी नेली का? नाही ना?"

त्यांच्या या प्रेमाला एकच दुःख होतं आणि ते त्यांच्याच दाराजवळ लटकत होतं. राऊच्या आमच्या कॉलनीतली निम्मी माणसं सकाळी पलासियाकडे कामाला जातात आणि जाताना घराची किल्ली माझ्या मेहुणीकडे, म्हणजे ताईकडे ठेवतात. दारालगतच्या फळीवर खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्यावर रंगीत दोऱ्याची किल्ली. संध्याकाळी "ताई, चाबी!" अशी हाक आली की ताई आतून ओरडणार, "उभ्या उभ्या नाही मिळणार, आधी बस!" मग चहा, पोहे, कोणाच्या सुनेचं काय चाललंय, कोणाच्या पोराला कोचिंगमध्ये काय जमत नाहीये, सगळं व्हायचं. ताईचे गुडघे गेलेत, पायऱ्या उतरवत नाहीत. जग तिच्याकडे किल्ली न्यायला यायचं.

साडूंना मात्र हे बघवायचं नाही. "ही काय सिक्युरिटी आहे? पूर्ण कॉलनी एका खिळ्यावर लटकून राहिली आहे!" महूला लष्करी वर्कशॉपात वायरलेस सेट दुरुस्त करण्यात उभी नोकरी गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं की ते आता मोबाइलवरून उघडणारा, चाबीच नसलेला ताला बनवणार.

मग जेवणाच्या टेबलावर वायरी पसरल्या आणि घरातली माणसं मांडी घालून जमिनीवर जेवू लागली. कुलूप थंडीत चालतं का हे बघायला ते फ्रीजमध्ये मटारांशेजारी राहायचं, पावसात चालतं का हे बघायला बादलीत. एकदा आमच्या नळाला पाणी नव्हतं म्हणून मी त्यांच्याकडे आंघोळीला गेलो, लोटा बुडवला तर पाण्याबरोबर कुलूप डोक्यावर आलं. मी बोंबललो. बाहेरून साडूंनी काळजीने विचारलं, "वाजला का? मोटर वाजली का त्याची?"

पहिला प्रयोग त्यांनी शेवेच्या डब्यावर केला. डॉक्टरांनी त्यांची शेव बंद केली होती, म्हणून डबा कडीकोयंड्याचा करून त्याला नवं कुलूप. नेमके त्याच दिवशी ताईच्या माहेरचे पाहुणे आले, पोहे झाले, आणि साडूंच्या मोबाइलची बॅटरी गेली. इंदुरात पाहुण्याच्या पुढ्यात बिनशेवेचे पोहे! चार्जिंग होईपर्यंत पाहुणे प्लेट हातात धरून बसले. त्यातला एक हळूच म्हणाला, "ताला थोडा फालतू दिसून राहिलाय." साडूंनी त्याच्याशी दिवाळीपर्यंत बोलणं टाकलं. आपल्याबद्दल काहीही ऐकून घेतील, पण कुलपाबद्दल एक शब्द नाही.

पण माणूस चिवट. कुलूप अखेर झालं आणि झकास झालं. बुद्धपौर्णिमेला खिरीच्या वाटीबरोबर त्यांनी ते कॉलनीतल्या घराघरांत वाटलं. दारापुढे मोबाइल धरायचा, घुर्र आवाज, कडी वर. साडू आठवडाभर छाती काढून फिरले.

आणि खिळे रिकामे झाले. कोणीच येईना. सगळे ऑफिसातून परस्पर आपल्या घरात. एका संध्याकाळी मी सहज गेलो तर ताईने नेहमीसारखं मोठं पातेलं भरून चहा केलेला आणि समोर कप तीनच. मला म्हणाली, "चांगलंच आहे ना. लोकांचा टाइम वाचतो. मतलब, तुमच्या साडूंचं नाव झालं." आणि उरलेला चहा तिने सिंकमध्ये ओतला. मला फार वाईट वाटलं. साडू सोल्डरिंगची कांडी हातात धरून तिच्याकडे नुसते बघत राहिले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी सगळी कुलपं "अपडेट करायला" परत नेली. आली ती बुडाशी किल्लीचं भोक घेऊन, आणि किल्ल्या ताईच्या खिळ्यांवर. "इमर्जन्सीसाठी," साडू म्हणाले. इमर्जन्सी लगेच सुरू झाल्या. आज या घराचं कुलूप अडे, उद्या त्या घराचं. मोबाइलवर अक्षरं येत, 'सुरक्षा तपासणी चालू. कृपया चाबी वापरा.' लोक चडफडत ताईकडे जायचे आणि तासाभराने पोहे खाऊन बाहेर पडायचे. मी साडूंना कोपऱ्यात गाठलं. ते म्हणाले, "बग आहे भिया, टेक्निकल बग." मी हललो नाही तेव्हा आवाज उतरवून म्हणाले, "मीच घातलाय. रोज एकाचा नंबर लागतो. तुमच्या ताईला सांगाल तर तुमचा ताला जन्मात उघडणार नाही."

मी कोणालाच सांगितलं नाही. परवा घरी आलो, मोबाइल धरला, घुर्र झालं, कडी वर. क्षणभर उभा राहिलो, कडी परत दाबली आणि ताईच्या दारात जाऊन हाक मारली, "ताई, चाबी! माझापण अडला."

आत बघतो तर कोपऱ्यावरच्या जोशीबाई बसलेल्या. बँकेतले पाटील बसलेले. मागच्या गल्लीतलं नवं जोडपं बसलेलं. सगळ्यांची कुलपं आजच अडलेली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि आपापल्या कपात बघायला लागलो. फळीखाली खुर्चीत साडू बसले होते. आज कोणाचं कुलूप अडवलं होतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले.

ताई पोह्यांवर मूठमूठ शेव घालत होती. तिथूनच म्हणाली, "बघा, पूर्ण कॉलनी अडकली आज. बुरा नका मानू हं, पण तुमचा ताला एकदम फालतू आहे."

"आहे ना," साडू म्हणाले. "एकदम फालतू आहे."