शिंप्याची खडूची रेघ

अमरावतीत माझ्या संत्र्याच्या दुकानाशेजारी एक शिंपी बसतो. माझ्या परीक्षेची कादंबरी आम्ही दोघं मिळून वाचतो, आणि वाक्यांखाली तो कापडावर खुणा करायच्या खडूनं रेघा ओढतो. म्हणतो, "पेन पक्का असते शेठ. अर्थ बदलला त पुसाले पायजे."

पन्नाशीत मी बी.ए.ला बसलो, तेव्हा प्राध्यापक म्हणाले होते, "व्यापाऱ्याला साहित्य काय कळणार?" ते अजून डोक्यात जळतं.

काल शिंप्यानं कादंबरीतल्या एका वाक्यावर बोट ठेवलं. नवरा परस्पर घर विकतो आणि बायको म्हणते, "छान केलंत."

"काहून म्हणते असं?" त्यानं मशीन चालवत विचारलं.

"आतून पेटली हाये बाई! मीबी माल नाकाराचा असला की आधी तारीफच करतो," मी म्हणालो.

त्यानं मशीन थांबवली. "हेच लिहा पेपरात."

उद्या पेपर आहे. पहिल्यांदाच मला प्रश्नपत्रिकेची घाई झाली आहे.