कॉम्प्युटरवरची केस

आमच्या बीड जिल्ह्यात ‘केस’ या शब्दाचा एकच अर्थ. बांधावरून भांडण, वाटणीवरून मारामारी, डोकं फुटलं की केस. मग ठाणं, पंचनामा, तारखा. आणि मी शिकत होते समाजकार्याची मोठी डिग्री. त्यात केस म्हणजे माणूस! अडचणीतला एक माणूस निवडायचा, त्याच्याकडे महिनोन्महिने जायचं, त्याचं ऐकायचं, त्याला त्याची वाट सापडेस्तोवर सोबत करायची. याला केसवर्क म्हणतात. काय मेला शब्द निवडलाय! निवडणाऱ्यांपैकी एकानंही मराठवाड्याचं पाणी प्यायलेलं नसणार.

शिक्षण ऑनलाइन होतं. तेव्हा हा शब्दही नवाच, म्हणून आमच्या चौसाळा गावात कुणी विचारलं तर मी ‘कॉम्प्युटरवरून शिकते’ असं सांगायची. धडे ईमेलवर यायचे. बीडला स्टँडमागं एक नेट कॅफे निघाला होता. तिथं एसटीनं जायचं, लाकडी खोक्यात बसायचं, आणि पान उघडता उघडता लाइट गेली की शिव्या घालत परत यायचं. मार्गदर्शक बाई पुण्याला, त्यांना मी एकदाच पाहिलेलं.

माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे मामंजींचं, हायवेला किराणा दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि तोंडाला कुलूप नाही. सून एवढं शिकतेय याचा त्यांना इतका अभिमान, की मीठ घ्यायला आलेल्याला मिठाच्या आधी तो मिळायचा.

माझी केस होती गावाबाहेरच्या एका वस्तीवरची धाकटी सून. घरात तिला सगळे धाकली म्हणायचे, मीही तेच म्हणते. पाठोपाठच्या दोन मुली, आणि आता पुन्हा दिवस गेलेले. नवरा तोंडातून शब्द न काढणारा. सगळा कारभार सासूच्या आणि थोरल्या दिराच्या हातात. दिराची काळीपिवळी जीप होती, चौसाळा ते बीड. पहिल्यांदा गेले तेव्हा धाकली चुलीपुढं भाकरी थापत होती. सासू शेळीकडे उठून गेली तशी ती मान वर न करता म्हणाली, “सोमवारी भाऊजी तपासायला नेणार हायेत.”

तपासायला म्हणजे काय, हे आमच्याकडे सांगावं लागायचं नाही. पोटात काय आहे ते बघायचं, आणि मुलगी निघाली की त्याच जीपमधून पुढं नेऊन मोकळं करून आणायचं. असं करून आलेल्या बाया दुसऱ्या दिवशी धुणं धुताना मी पाहिल्या होत्या. एक परत आलीच नव्हती.

“तुला जायचंय?” मी विचारलं.

“न्हाई. मागच्या खेपेला नेलतं. त्यातनं उठले तेच लई झालं. आता नेलं तर मी उठायची न्हाई, ताई.”

म्हटलं, आपण तक्रार करू. तिनं भाकरी तशीच सोडून पिठाच्या हातानं माझं मनगट धरलं. “ठाण्याचं नाव काढू नका. मला माहेरला धाडतील अन् पोरी ठेवून घेतील.” मग मी तिला समजावलं, की मी पोलीस नाही, मी शिकणारी बाई आहे, आणि तू माझी केस आहेस म्हणजे आपण फक्त बोलायचं.

“नुसतं बोलायचं? त्यानं काय हुतंय?”

याचं उत्तर धड्यात नव्हतं.

गोपनीयता नावाचा एक अख्खा धडा मी पाठ केला होता आणि घरात तिचं नाव काढलं नव्हतं. पण चौसाळ्यात मी कुठल्या वाटेनं गेले ते माझ्या आधी दुकानात पोचायचं. दोन-तीन दिवसांनी धाकलीचा दीर तंबाखू घ्यायला दुकानात आला, आणि मामंजींनी पुडी बांधता बांधता त्याला ऐकवलं, “आमच्या सूनबाईनं तुमच्या घरची केस घेतली बरं का! लई मन लावून करायली. रिपोर्ट थेट पुण्याला जातेत.”

अभिमानानं बोलले हो ते! त्यालाही बरं वाटेल असं त्यांना वाटलं. तो पुडी तिथंच टाकून गेला.

सोमवारी जीप बीडला गेली, पण धाकलीला न घेता. मंगळवारी तिची सासू माझ्या दारात. पदर दातात धरलेला, डोळे जमिनीवर.

“ताई, केस मागं घ्या. आमी काय केलंय? न्यायचं हुतं, न्हाई नेलं.”

कोणती केस, असं मी विचारणारच होते. मग लख्ख कळलं. ‘मावशी, ही तसली केस नव्हे,’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलेलं मी गिळलं. “बघू,” म्हणाले. “तिला नीट बाळंत होऊ दे, मग बघू.”

पुढच्या भेटीत धाकलीला हळूच सगळं सांगितलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी आपल्याला काही दिलंय अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. “ऱ्हाऊ द्या तसंच, ताई. काई बोलू नका.” पुण्याच्या बाईंना कळवलं, तर त्यांचं उत्तर आलं, की नातं खरेपणावर उभं असतं, कुटुंबाचा गैरसमज पुढच्या भेटीत दूर करावा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिकडं पंख्याखाली बसून खरेपणा शिकवायला काय जातंय! तावातावानं उत्तर टाइप केलं, पाठवणार एवढ्यात लाइट गेली. ते मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

मग वस्तीवर माझी अशी बडदास्त सुरू झाली की जीव घुसमटावा. बसायला सतरंजी, चहात साखर ओतलेली, आणि सासू समोर बसून माझं तोंड निरखणार. धाकलीलाही अचानक पेलाभर दूध मिळू लागलं. ती आधी वास घ्यायची, मग माझ्याकडे बघायची. एकदा मी तिच्या हातातून पेला घेऊन दोन घोट आधी प्याले. संध्याकाळपर्यंत पोटाकडे लक्ष लावून बसले होते. काही झालं नाही.

परतताना जीप मागं असायची. हॉर्न नाही, पुढं जाणं नाही. माझ्या चालीनं मागं मागं, आमचं दुकान दिसेपर्यंत. मी एकदाही वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पुन्हा त्या वाटेनं जायची हिंमत झाली नसती. खरंच सांगते, फार भ्याले होते मी.

धाकलीचे दिवस भरत आले होते. एका दुपारी मामंजींचा डबा घेऊन दुकानात गेले तर दीर काउंटरला कोपर टेकवून उभा.

“काका, मी ठाण्यात गेलतो. जमादार वळखीचा हाय. असली कुठलीच केस न्हाई म्हणतो. कावून फसवायलेत आमाला?”

मामंजी साखर जोखत होते. आपण काय बोलून बसलो आणि हा काय समजला, हे त्यांना त्या घटकेला कळलं असणार, कारण त्यांचा हात काट्यावर थांबला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. पारड्यात आणखी थोडी साखर टाकली.

“ठाण्यात कशी सापडंल? ती कॉम्प्युटरवर हाय.”

“मंजी?”

“मंजी सूनबाई बीडला जाऊन बटन दाबती अन् ती पुण्याला जाती. इथल्या जमादाराला काय दिसतंय! कागद असता तर फाडला असता कुणी. हे फाडता येत न्हाई, लेका.”

शब्दन् शब्द खरा होता! दीरानं काउंटरवरची माशी हाकलली. मग माझ्याकडे वळून हसला. “पोरगं झालं तर बंद करताल नव्हं केस?” मी डबा काउंटरवर ठेवला. “अन् पोरगी झाली तर?” हे त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं. मामंजींनी साखरेची पुडी त्याच्या हातात ठेवली आणि घरी जा म्हणाले. तो गेल्यावर ते काउंटरवर सांडलेली साखर गोळा करू लागले.

“सूनबाई, माझं चुकलं का गं?”

“चुकलं म्हणून तर ती अजून चालती-फिरती आहे,” मी म्हणाले. ते हसले नाहीत. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाला माझ्या शिक्षणाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

मुलगी झाली. धाकली उठली, पोर धडधाकट. त्याच सुमारास माझं शिक्षण संपत आलं आणि पुण्याहून निरोप आला, की केस बंद करून शेवटचा अहवाल पाठवा. बंद केल्याशिवाय डिग्री मिळत नव्हती. मी बीडला गेले, बटण दाबलं, आणि येताना वस्तीच्या फाट्यावर उतरले.

दारात जीप उभी होती, आत दीर बसलेला. सासू ओसरीवर तंबाखू मळत होती. सतरंजी नाही, चहा नाही. आत अंधाऱ्या खोलीत धाकली भिंतीशी ताठ बसलेली, पोर छातीशी आवळून. डोळे खोल गेलेले.

“झोपत नाहीस का गं?”

“कशी झोपू?” ती म्हणाली. “खाली ठेवलं की सासूबाई म्हणतेत, दे माझ्याकडं. मी देत न्हाई.” मग तिनं दाराकडे बघितलं आणि आवाज एकदम मोठा केला. “केस चालू हाय ना, ताई?”

ओसरीवरचं तंबाखू मळणं थांबलं.

तिला माहीत होतं, केस म्हणजे काय. साऱ्या चौसाळ्यात तिला, मला आणि मामंजींना, तिघांनाच माहीत होतं. पण सकाळी ती मी बंद करून आले, हे मला एकटीला.

“चालू आहे,” मी ओसरीपर्यंत जाईल एवढ्या जोरात म्हणाले. “पोरगी शाळेत जाईपर्यंत चालू राहील. दर आठवड्याला येऊन मी पोर बघणार आणि पुण्याला कळवणार.”

बाहेर जीप चालू झाली, पण हलली नाही. धाकलीनं पोर माझ्या शेजारी वाकळेवर ठेवली, भिंतीला डोकं टेकवलं, आणि बसल्या बसल्या झोपून गेली.