बर्थखाली मावेल असं चित्र

गाडीतून ग्वाल्हेरचा किल्ला दिसला आणि मी बर्थखालची बॅग ओढली. भाऊजी गेल्यापासून ताई इथल्या दाना ओली भागात एकटीच राहते. "पुण्याला तुझ्याकडे येऊन राहू का रे?" असं तिनं दिवाळीत विचारलं होतं. नाही म्हणायचं होतं, ते फोनवर जमेना, म्हणून मी निघालो होतो.

पोचल्यावरही जमलं नाही. तिच्या पलंगासमोरची भिंत ओकीबोकी होती. म्हटलं, "चल, एखादं चित्र घेऊ."

दाल बाजारामागच्या गल्लीत फ्रेमवाल्याचं दुकान आहे. देवांच्या तसबिरींमध्ये जुन्या विलायती निसर्गचित्रांच्या छापील प्रती टांगलेल्या. मी सगळ्यांत मोठी निवडली: उथळ नदी, तिच्यात थांबलेली घोडागाडी, वर भरून आलेलं आभाळ.

"छान लागतंय," ताई म्हणाली, "पण छोटीवाली घे." मग दुकानदाराला, "भैया, बर्थ के नीचे आ जाए, ऐसी दो."

इथली मराठी माणसं महाराष्ट्रात न्यायला काहीही घेताना आधी गाडीतली बर्थखालची जागा आठवतात. म्हणजे ताई चित्र पुण्यासाठी घेत होती.

मी तिला बाहेर नेलं. कोपऱ्यावर बेडई (डाळ भरलेली पुरी) खाताना बायकोचं, मंजूचं नाव पुढे करणार होतो. तसं ठरवूनच आलो होतो.

"ताई, तू यायला नको. मंजू नाही, मीच म्हणतोय."

"का रे?"

"घरी आल्यावर मला कुणाशी बोलावंसं वाटत नाही. तू असलीस की बोलावं लागेल."

तिनं द्रोणातला रस्सा संपवला. "एवढं तर तू आज पहिल्यांदाच बोललास," म्हणाली आणि पदराला हात पुसून उठली. "चल. मोठीवालीच घेऊ."

दुकानदार खूश झाला. "देखा माताजी, मन बदल गया न?"

"मन नहीं भैया, दीवार बदल गई."

परतताना बर्थखाली बॅग सरकवली. शेजारी बरीच जागा उरली. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. मला वाटलं नाही. झाशी गेल्यावर ताईला फोन लावला. काम काहीच नव्हतं.

"चित्र कसं दिसतंय?"

"दिवसा नदी दिसते. दिवा लावला की काचेत मीच."

एरवी मला फोन ठेवायची घाई असते. त्या संध्याकाळी म्हटलं, "मग इतक्यात दिवा नको लावूस. नदीचं सांग."